नाणेघाटातला रांजण आणि पेटंटाची घड्याळे

जुन्नरहून पश्चिमेला निघालात की जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशी घाटघर हे गाव लागते. तेथून जवळच नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळी कोकणच्या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून याच वाटेने जुन्नरला येई. घाटातल्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे आणि घाटमाथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. या रांजणात जकातीची नाणी जमा होत, असे लोक सांगतात.

आता एक प्रश्न. एखाद्या व्यापाऱ्याने येथे जकात भरली, तर पुढच्या राज्याच्या नाक्यावर ती चालेल काय? मुळीच नाही! तेथे त्याला पुन्हा जकात भरावी लागेल, आणि तीही तेथल्या दराने व तेथल्या नियमाने.

नव्या शोधांचा प्रवासही थेट असाच चालतो.

पेटंट म्हणजे काय?

पेटंट हा समाज आणि संशोधक यांच्यातला एक करार आहे. संशोधकाने आपल्या युक्तीचे संपूर्ण वर्णन सर्वांसाठी लिहून द्यायचे. त्या बदल्यात त्याच्या परवानगीशिवाय ती कोणी वापरू नये, असा हक्क सरकार त्याला ठरावीक वर्षांसाठी देते. बहुतेक देशांत ही मुदत अर्ज केल्यापासून २० वर्षे आहे. भारतात १९७० च्या कायद्याने ती साधारणपणे १४ वर्षे होती. २००३ पासून ती २० वर्षे झाली.

पण पेटंट मिळाले की २० वर्षे निश्चिंत, असे समजू नका. ते जिवंत ठेवण्यासाठी वेळोवेळी फी भरावी लागते. ही फी कशासाठी? ज्या शोधाचा धन्याला काही उपयोग उरलेला नाही, तो त्याने उगाच अडवून ठेवू नये म्हणून. भारतात तर ही फी टप्प्याटप्प्याने चढत जाते. फी थांबली की हक्क संपतो आणि तो शोध त्या देशापुरता सर्वांना मोकळा होतो.

एक यंत्र, अनेक घड्याळे

घाटघरच्या परिसरातले लोक रानातून हिरडा गोळा करून वाळवतात. समजा, तेथल्या एका विद्यार्थिनीने वाळलेला हिरडा फोडून बी वेगळी करणारे यंत्र बनवले आणि १ जून २०२० रोजी भारतात पेटंटाचा अर्ज केला. एका देशातल्या अर्जानंतर १२ महिन्यांच्या आत इतर देशांत अर्ज केला, तर तेथेही पहिलीच तारीख मानली जाते. १८८३ च्या पॅरिस कराराने दिलेली ही सोय आहे. भारत या करारात १९९८ साली सामील झाला. आपल्या विद्यार्थिनीने मुदतीत अमेरिकेतही अर्ज केला.

आता दोन्ही देशांची घड्याळे पाहा.

भारतात पहिल्या दोन वर्षांसाठी ही फी नाही. तिसऱ्या वर्षाची फी दुसरे वर्ष संपण्याआधी, म्हणजे १ जून २०२२ पर्यंत भरायची आणि पुढे दरवर्षी तसेच. पेटंट मंजूर व्हायलाच दोन वर्षांहून अधिक काळ लागला, तर साचलेली फी मंजुरीची नोंद झाल्यापासून तीन महिन्यांत भरायची.

अमेरिकेत मात्र घड्याळ मंजुरीच्या दिवशी सुरू होते आणि फी तीनदाच द्यावी लागते : साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी. मंजुरी १ मार्च २०२३ ला मिळाली असेल, तर त्या तारखा १ सप्टेंबर २०२६, २०३० आणि २०३४ अशा येतील.

जपानची रीत आणखी वेगळी. पहिल्या तीन वर्षांची फी नोंदणीच्या वेळीच एकदम घेतात आणि चौथ्या वर्षापासून ती वर्षाला द्यावी लागते.

पाहिलेत ना? यंत्र एकच, पण प्रत्येक देशाचा रांजण निराळा!

भिसे यांच्या काळी

हा भेद आजचा नाही. मुंबईत १८६७ साली जन्मलेले शंकर आबाजी भिसे यांनी छपाईचे खिळे ओतणारे यंत्र शोधले आणि त्यासाठी लंडन व न्यूयॉर्क गाठले. १९३५ साली न्यूयॉर्कमध्येच ते वारले. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये पेटंट १४ वर्षांचे असे आणि चार वर्षांनंतर ते टिकवायला फी भरावी लागे. अमेरिकेत ते मंजुरीपासून १७ वर्षांचे असे आणि मधली फी मुळीच नसे. अमेरिकेने अशी फी घेण्याचा कायदा केला तो १९८० साली.

काही शे डॉलरांची गोष्ट

मुदत चुकली तर? पॅरिस करारानुसार फीसाठी निदान सहा महिन्यांची सवलत मिळते; मात्र जादा रक्कम भरावी लागते. भारतात हीही संधी हुकली, तर हक्क संपल्यापासून १८ महिन्यांच्या आत पेटंट पुन्हा जिवंत करण्यासाठी अर्ज करता येतो. पण चूक जाणूनबुजून झालेली नव्हती, हे पटवून द्यावे लागते. आणि मधल्या काळात कोणी ते यंत्र बनवू लागला असेल, तर त्यालाही संरक्षण मिळते.

सेमाग्लुटाइड हे मधुमेहावरचे औषध तुम्ही ऐकले असेल. डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीच्या या औषधाने जगभर प्रचंड उलाढाल केली. पण कॅनडात त्याच्या पेटंटाची काही शे डॉलरांची फी भरली गेली नाही आणि तेथला हक्क मुदतीआधीच संपला. ते विस्मरणाने झाले की विचारपूर्वक, हा प्रश्न बाजूला ठेवू. लक्षात घ्यायचे ते हे की कॅनडातला दिवा विझला, तरी अमेरिकेतला तेवतच राहिला.

गावाचा हक्क

सगळेच हक्क पेटंटासारखे संपणारे नसतात. भारतात व्यापारचिन्हाची नोंदणी दहा वर्षांची असते आणि फी भरून ती कितीही वेळा वाढवता येते. पुणेरी पगडी, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, कोल्हापुरी चप्पल यांना मिळालेली भौगोलिक नोंदणीही दर दहा वर्षांनी नवी करावी लागते. येथे धनी कोणी एकटा नसतो. तो शेकडो शेतकऱ्यांचा किंवा कारागिरांचा सामायिक हक्क असतो. सर्वांचे काम ते कोणाचेच नाही, असे झाले तर मुदत कधी उलटली हे कळतही नाही. शिवाय येथली नोंदणी आपोआप परदेशात चालत नाही. म्हणून अशा प्रत्येक संस्थेत तारखांची वही सांभाळणारा एक माणूस हवाच. शोध लावायला बुद्धी लागते. तो राखायला साधी वही पुरते, पण ती रोज उघडावी लागते.

करून पाहा

एका पेटंटाचा अर्ज भारतात १० जानेवारी २०१८ रोजी झाला आणि ते वर्षभरात मंजूरही झाले. त्याच शोधाला अमेरिकेत १० एप्रिल २०२१ रोजी मंजुरी मिळाली. दोन्हीकडची पहिली फी कधीपर्यंत? भारतातला हक्क जास्तीत जास्त कधीपर्यंत?

(उत्तर : भारतात १० जानेवारी २०२०, अमेरिकेत १० ऑक्टोबर २०२४, सवलतीसह १० एप्रिल २०२५. भारतातला हक्क १० जानेवारी २०३८ पर्यंत.)