पाळीच्या तक्रारी आणि ‘पिशवी’ काढण्याची घाई

स्त्रीच्या आयुष्यातली तीस-पस्तीस वर्षे मासिक पाळीच्या सोबतीने जातात. बाराव्या-तेराव्या वर्षी ती सुरू होते आणि आपल्याकडे बहुतेकींची ४६-४७ वर्षांच्या आसपास थांबते. या काळात शरीराच्या व मनाच्या ज्या तक्रारी उद्भवतात, त्यांतील पुष्कळशा संप्रेरकांच्या, म्हणजेच हार्मोन्सच्या, चढउताराशी निगडित असतात. परंतु घरोघरी या सर्वांचे खापर एकाच अवयवावर फुटते. तो अवयव म्हणजे गर्भाशय. “बाई, ही पिशवीच काढून टाका, म्हणजे एकदाची कटकट जाईल,” असे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावे लागते. सांगणारी पुष्कळदा जेमतेम पस्तिशी-चाळिशीची असते. म्हणून आज या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहे.

दोन संप्रेरकांचा खेळ

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्या हुकमाने बीजकोष काम करतात व दोन संप्रेरके तयार करतात. पाळी आल्यानंतर पहिले दोन आठवडे इस्ट्रोजेन वाढत जाते आणि गर्भाशयाचे आतले अस्तर जाड होते. बीज बाहेर पडले की प्रोजेस्टेरॉन वाढते व ते या अस्तराला स्थिर ठेवते. गर्भ राहिला नाही तर दोन्ही संप्रेरके ओसरतात, अस्तर सुटते आणि पाळी येते. म्हणजे गर्भाशय हे केवळ हुकमाचे ताबेदार आहे. हुकूम चुकीचा येत असेल, तर ताबेदाराला शिक्षा करून काय उपयोग?

पाळीपूर्वीचे दिवस

पाळीच्या आधी पाच-दहा दिवस अनेकींची छाती जड होते, पोट फुगते, डोके दुखते, हातापायांवर थोडी सूज वाटते. काहींना विनाकारण रडू येते, मुलांवर हात उगारला जातो, मग वाईट वाटते. पाळी सुरू झाली की हे सारे निवळते. घरातील मंडळी याला ‘नाटक’ म्हणतात. तसे ते नसते. संप्रेरकांच्या उतरणीचा मेंदूतील रसायनांवर परिणाम होतो, आणि काही स्त्रियांचा मेंदू त्या बाबतीत अधिक हळवा असतो.

अशा भगिनींनी दोन-तीन महिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्रासाच्या दिवसांची खूण करावी. खुणा पाळीच्या आधीच येत असतील तर निदान जवळजवळ झालेच. त्या महिनाभर विखुरलेल्या असतील तर कारण दुसरे असू शकते. रोज अर्धा तास भरभर चालणे, त्या आठवड्यात लोणचे-पापड व वरचे मीठ कमी करणे, चहा एक-दोन कपांवर आणणे, पुरेशी झोप आणि आहारात दूध, नाचणी, तीळ यांचा समावेश, एवढ्यानेही बऱ्याच जणींना आराम पडतो. जीव नकोसा वाटण्याइतके औदासीन्य येत असेल, तर मात्र डॉक्टरांना संकोच न करता सांगावे. त्यावर चांगली औषधे आहेत.

चाळिशीनंतरची उलथापालथ

खरी गडबड होते ती पाळी जाण्यापूर्वीच्या चार-पाच वर्षांत. बीजकोषातील बीजांचा साठा संपत येतो. एखाद्या महिन्यात बीज बाहेरच पडत नाही. मग प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही आणि इस्ट्रोजेन एकटेच अस्तर वाढवीत राहते. पाळी दोन-अडीच महिने लांबते आणि आली की धो धो जाते, गाठी पडतात, आठ-दहा दिवस थांबत नाही. बाई घाबरते, आणि तसे घाबरणे साहजिक आहे.

अशा वेळी अंगावर काढू नये, पण शस्त्रक्रियेलाही धावू नये. प्रथम तपासणी, रक्तातील हिमोग्लोबिन, थायरॉइडची चाचणी व सोनोग्राफी करून घ्यावी. गरज वाटल्यास पिशवीच्या अस्तराचा छोटा नमुना तपासणीस पाठवतात. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, तसेच पाच वर्षे वा अधिक काळ पिशवीत राहून संप्रेरक सोडणारी तांबीसारखी वस्तू असे अनेक उपाय उपलब्ध आहेत.

माझ्याकडे ४३ वर्षांच्या एक शेतमजूर बाई आल्या होत्या. वर्षभर अंगावरून फार जात होते, हिमोग्लोबिन सातवर आले होते. एके ठिकाणी त्यांना पिशवी काढायचा सल्ला मिळाला होता व त्यासाठी शेळ्या विकण्याची तयारी चालली होती. तपासणीत त्यांचे थायरॉइड मंदावलेले आढळले. त्यावरची गोळी, लोहाच्या गोळ्या आणि काही महिने प्रोजेस्टेरॉन एवढ्यावर त्यांची पाळी मार्गावर आली. शेळ्याही वाचल्या.

येथे रक्तक्षयाबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. थकवा, धाप, छातीत धडधड, चिडचिड ही लक्षणे बऱ्याचदा संप्रेरकांपेक्षा रक्ताच्या कमतरतेची असतात. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी.

पाळी गेल्यावर

सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे समजावे. तोपर्यंत दिवस राहण्याची शक्यता असते, हे विसरू नये. या सुमारास अचानक अंगातून वाफा निघतात, चेहरा लाल होतो, दरदरून घाम सुटतो आणि चार-पाच मिनिटांनी थंडी वाजते. रात्री झोप मोडते, सकाळी किरकिर होते. सुती सैल कपडे, हवेशीर खोली, तिखट व गरम चहा कमी करणे यांनी त्रास सुसह्य होतो. योनीमार्गाचा कोरडेपणा व लघवीची जळजळ यांवर लावायचे मलम मिळते. पतीजवळही न बोलता येणारे हे दुखणे निष्कारण सोसू नका.

संप्रेरकांच्या गोळ्यांविषयी लोकांच्या मनात भीती आहे. अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक स्त्रियांवर चाललेला मोठा अभ्यास २००२ साली मध्येच थांबवला गेला, कारण या गोळ्यांमुळे स्तनाच्या कर्करोगाचे व पक्षाघाताचे प्रमाण थोडे वाढलेले दिसले. मात्र त्यातील बऱ्याच स्त्रिया साठीपुढच्या होत्या. पुढील विश्लेषणात असे दिसले, की साठीच्या आत आणि पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, त्रास जास्त असलेल्या निरोगी स्त्रीला या गोळ्यांचा फायदा सहसा धोक्यापेक्षा अधिक असतो. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्यांनी त्या घेऊ नयेत. दुकानातून परस्पर तर कुणीच घेऊ नयेत.

इस्ट्रोजेनचे छत्र गेल्यावर हाडे झिजू लागतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून पन्नाशीनंतर रक्तदाब व साखर वर्षातून एकदा तपासावी, कोवळे ऊन घ्यावे, चालणे सोडू नये. मिश्री व तंबाखू बंद करावी.

पिशवी काढल्यावर काय होते?

कर्करोग, फार मोठ्या गाठी, अंग बाहेर येणे किंवा औषधांना दाद न देणारा रक्तस्राव यांत शस्त्रक्रिया आवश्यक ठरते, आणि तेव्हा ती टाळणेही चूक. परंतु ‘पिशवीला सूज आहे’, ‘तोंडावर जखम आहे’, ‘पुढे कॅन्सर होईल’ अशा मोघम कारणांनी पिशवी काढणे योग्य नव्हे. अंगावरून पांढरे जाणे हे तर बहुधा औषधाने बरे होणारे दुखणे.

पिशवीबरोबर दोन्ही बीजकोष काढले, तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते. जे पन्नाशीकडे हळूहळू व्हायचे ते पस्तिशीत एका रात्रीत होते. वाफा, हाडांची झीज, हृदयाचा धोका सारे लवकर मागे लागते. बीजकोष ठेवले तरी ते काही वर्षे आधीच थकण्याची शक्यता असते. म्हणजे ज्या संप्रेरकांच्या त्रासातून सुटायचे म्हणून शस्त्रक्रिया केली, तोच त्रास दारात उभा.

बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला. शासकीय समितीसाठी झालेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. खाडा झाला तर मजुरी बुडते, उसाच्या फडात ना पाणी ना आडोसा, अशा परिस्थितीत पाळी हेच संकट वाटते. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे अमलात आणावीत, असे राज्यांना बजावले. पण नियम कागदावर असले तरी प्रश्न विचारण्याचे काम आपलेच आहे.

हे प्रश्न अवश्य विचारा

माझा नेमका आजार कोणता? तो कोणत्या तपासणीत दिसला? औषधांनी तीन-चार महिने प्रयत्न करता येतील का? बीजकोष ठेवणार की काढणार? यांची उत्तरे मिळाल्याशिवाय सही करू नका. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यात पहिल्याचा अपमान नसतो. जिल्हा रुग्णालयात ही सोय आहे.

मात्र काही लक्षणांत एक दिवसही दवडू नका. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्ताचा डाग दिसणे, संबंधानंतर रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त स्राव, तासा-दोन तासांनी घडी बदलावी लागणे, स्तनात गाठ लागणे, यांपैकी काहीही आढळल्यास ताबडतोब तपासून घ्या.

शेवटी घरच्या पुरुषमंडळींना एक विनंती. पत्नीला वा आईला दवाखान्यात आणाल तेव्हा बाहेर बाकावर बसून राहू नका. आत या, ऐका आणि शस्त्रक्रियेचा खर्च विचारण्याआधी तिला काय होते आहे ते विचारा.