क्षणभराच्या उजेडाचा हिशेब

आषाढातील सह्याद्रीचे जंगल भर दुपारीही तिन्हीसांजेसारखे अंधारलेले असते. वर ढगांचे छत, त्याखाली दाट पानांचे छत आणि या दोहोंमधून झिरपून जमिनीपर्यंत पोहोचणारा प्रकाश अगदी मोजका. नेमक्या याच अंधुक ऋतूत अनेक पक्षी आपला संसार मांडतात. सुगरणीचे खोपे विहिरींवर झुलू लागतात, नवरंगाची शीळ झाडीतून ऐकू येते आणि कोकणातील ओढ्यांच्या काठी तिबोटी खंड्या अवतरतो.

पायाला चारऐवजी तीनच बोटे असल्यामुळे या पक्ष्याला तिबोटी हे नाव मिळाले. चोचीसह लांबी जेमतेम १३ सेंटिमीटर आणि वजन सुमारे १५ ते २० ग्रॅम. पोट केशरी-पिवळे, डोक्यावर जांभळी झाक, पाठ गर्द निळी आणि चोच लालभडक. हिरव्या अंधारात ठिणगी पडावी तसा तो दिसतो. पावसाच्या आगमनाबरोबर तो कोकणात येतो, ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत एक मीटरपर्यंत लांबीचे बीळ कोरतो आणि त्यात पिल्ले वाढवतो. रायगड जिल्ह्यातील कर्नाळ्यासारख्या अरण्यांत पावसाळ्यात छायाचित्रकारांची पावले वळतात, ती बहुतेक या पक्ष्यासाठीच.

पक्षी समोर असतो, प्रकाश मात्र नसतो. अशा वेळी कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश हा सर्वांत सोपा उपाय वाटतो. त्याचा उपयोग खरोखर किती होतो आणि त्याची किंमत कोण चुकवतो, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे

वन्यप्राण्यांवर फ्लॅश रोखण्याची प्रथा जुनी आहे. अमेरिकेतील जॉर्ज शायरस हे मुळात शिकारी होते. रात्री नावेतून जायचे, दिव्याचा झोत काठावर टाकायचा, चमकणारे डोळे दिसले की नेम धरायचा, ही तेथील शिकारीची रीत. शायरस यांनी बंदूक ठेवून दिली, कॅमेरा हाती घेतला आणि झोताच्या जोडीला स्फोटक भुकटीचा फ्लॅश वापरला. जुलै १९०६ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये त्यांची ७४ छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि वन्यजीव छायाचित्रणाचे एक नवे दालन उघडले.

पुढे हॅरॉल्ड एजर्टन यांनी विजेवर चालणाऱ्या फ्लॅशचे तंत्र विकसित केले. गुंजन पक्ष्याचे न दिसणारे पंख त्या प्रकाशात स्थिर दिसू लागले. ब्रिटनचे एरिक हॉस्किंग हे असा फ्लॅश पक्ष्यांसाठी वापरणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी एक. १९३७ मध्ये घुबडाच्या घरट्याजवळ छायाचित्रण करताना घुबडाने केलेल्या हल्ल्यात त्यांचा डावा डोळा गेला. घरट्याजवळचा माणूस पक्ष्याच्या दृष्टीने कोण असतो, याचे याहून स्पष्ट उत्तर मिळणे कठीण.

पावसात प्रकाशाचे गणित

पावसात फ्लॅश वापरताना पहिली अडचण पदार्थविज्ञानाची येते. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई उरतो. पक्षी आठ मीटरवर असेल आणि पावसाचा एक थेंब फ्लॅशपासून एक मीटरवर असेल, तर त्या थेंबावर पक्ष्यापेक्षा ६४ पट प्रकाश पडतो. साहजिकच चित्रात पक्ष्याच्या आधी थेंबच उजळतात. पक्ष्याभोवती पांढऱ्या, अस्पष्ट ठिपक्यांची खैरात होते आणि सुंदर पाऊस चित्रातला मळ वाटू लागतो.

दुसरी गोष्ट वेळेची. मोठा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने खाली येतो. नैसर्गिक प्रकाशात १/६० सेकंदाचे छायाचित्र घेतले, तर तेवढ्या वेळात तो १५ सेंटिमीटर प्रवास करतो आणि चित्रात पावसाची रेघ उमटते. फ्लॅशची चमक कमी शक्तीवर १/१०,००० सेकंद किंवा त्याहूनही अल्प असू शकते. तेवढ्यात थेंब एक मिलिमीटरही सरकत नाही. त्यामुळे पाऊस धारेसारखा न दिसता हवेत टांगलेल्या मण्यांसारखा दिसतो. डोळ्यांना दिसणारा पाऊस रेघांचा असतो. फ्लॅश तो पाऊसच चित्रातून काढून घेतो.

शिवाय दूरची झाडी फ्लॅशच्या आवाक्याबाहेर राहते. दिवसा टिपलेला पक्षी काळ्या पडद्यापुढे बसवल्यासारखा दिसतो, डोळ्यांत अनैसर्गिक चमक येते आणि ओल्या पिसांवर पांढरे डाग उमटतात. ज्या ऋतूसाठी एवढा चिखल तुडवला, त्या ऋतूची खूणच चित्रात उरत नाही.

उपकरणाचा धोकाही दुर्लक्ष करण्यासारखा नाही. फ्लॅशमधील विद्युतसंचयक सुमारे ३०० व्होल्टपर्यंत भारित होतो. त्यात पाणी शिरले तर उपकरण निकामी होतेच, हाताला जोरदार धक्काही बसू शकतो. भिजलेला फ्लॅश चालू करून पाहू नये आणि घरी उघडून तर मुळीच पाहू नये. बॅटरी काढून तो पूर्ण वाळवावा आणि जाणत्या कारागिराकडे न्यावा.

पक्ष्याचा डोळा

फ्लॅशमुळे पक्षी आंधळे होतात, असे अनेकदा सांगितले जाते. साध्या फ्लॅशमुळे पक्ष्यांच्या डोळ्यांना कायमची इजा होते, असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. म्हणून ते तसे सांगणे योग्य नव्हे. मात्र एवढ्यावरून फ्लॅश निरुपद्रवी ठरत नाही. घुबड, पिंगळा, रातवा या निशाचरांचे डोळे अत्यल्प प्रकाशासाठी घडलेले असतात. माणसाच्या डोळ्यालाही उजेडातून अंधारात गेल्यावर पूर्ण सरावण्यासाठी २० ते ३० मिनिटे लागतात. काळोखात फांद्या चुकवत उडणाऱ्या आणि भक्ष्य शोधणाऱ्या पक्ष्याला ऐन वेळी काही क्षण दिसेनासे होणे परवडणारे नसते. अमेरिकेतील ऑड्युबन सोसायटीनेही फ्लॅश जपून, नैसर्गिक प्रकाशाला पूरक म्हणूनच वापरावा आणि निशाचर पक्ष्यांवर रात्री तो टाळावा, असे सुचवले आहे.

यावर एक युक्तिवाद हमखास केला जातो. पावसाळ्यात आकाशात विजा चमकतात, त्याला पक्षी घाबरत नाहीत. मग एवढ्याशा फ्लॅशचे काय? युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. पण वीज पक्ष्याच्या बिळासमोर चार हातांवर येऊन बसत नाही. तिच्याबरोबर माणसांचा घोळका, छत्र्या, कुजबुज आणि तिपाया येत नाहीत. एकाच घरट्यावर एका सकाळी ती दोनशे वेळा पडत नाही. पक्ष्याला होणारा उपद्रव हा केवळ उजेडाचा नसतो. त्या उजेडामागच्या जवळिकीचा असतो.

घरट्याचा जमाखर्च

तिबोटी खंड्याची मादी साधारणपणे चार-पाच अंडी घालते. नर आणि मादी आळीपाळीने सुमारे १७ दिवस ती उबवतात. त्यानंतर सुमारे २० दिवस पिल्ले बिळातच असतात आणि दोघेही सरडे, सापसुरळ्या, खेकडे, बेडूक, कीटक असे भक्ष्य आणून त्यांना भरवतात. सगळा संसार जेमतेम पाच-सहा आठवड्यांचा.

समजा, ही जोडी दर अर्ध्या तासाला एक घास आणते आणि दिवसाकाठी १३ तास राबते. म्हणजे २६ घास झाले. मुसळधार पावसात काही घास असेही बुडतात. त्यात बिळासमोर तीन तास गर्दी झाली आणि चोचीत भक्ष्य धरलेला पक्षी लांबच्या फांदीवर ताटकळत राहिला, तर आणखी सहा घास गेले. दिवसाच्या अन्नाचा जवळपास चौथा भाग. हा आकडा केवळ उदाहरणादाखल आहे, परंतु हिशेबाची दिशा खरी आहे. छायाचित्रकाराच्या खाती एक चित्र जमा होते तेव्हा पिल्लांच्या खाती खर्च पडलेला असतो आणि त्यांच्याजवळ शिल्लक फारशी नसते.

याखेरीज ‘चित्र मोकळे मिळावे’ म्हणून बिळासमोरच्या फांद्या छाटल्या जातात, सोयीच्या जागी काठ्या रोवल्या जातात, पावसाने मऊ झालेली दरड पायांनी तुडवली जाते. आडोसा गेला की घरटे साप-घोरपडींना उघडे पडते आणि दरड खचली की संसारच बुजतो.

आपला कायदा या बाबतीत अनेकांच्या समजुतीपेक्षा कठोर आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या दिली आहे, तीत केवळ मारणे व पकडणे येत नाही. वन्य पक्ष्यांच्या बाबतीत अंड्यांना इजा करणे, तसेच अंडी वा घरटी विस्कळीत करणे यांचाही त्यात समावेश आहे. शायरस यांनी बंदूक टाकून कॅमेरा घेतला. कॅमेरा हाती असूनही माणूस शिकारीच्या व्याख्येत परत येऊ शकतो, हे या कायद्याने ओळखले आहे.

फ्लॅशविना पाऊस

मग पावसात पक्ष्यांची चित्रे टिपूच नयेत का? जरूर टिपावीत. आजचे कॅमेरे आयएसओ ३२०० किंवा ६४०० वरही चांगले चित्र देतात आणि त्यातील कणीदारपणा नंतर संगणकावर पुष्कळसा कमी करता येतो. तिपाई किंवा कंपन रोखणाऱ्या भिंगाच्या मदतीने शांत बसलेल्या पक्ष्याचे चित्र १/६० किंवा १/३० सेकंदातही स्पष्ट येते. दहा चित्रांत आठ बिघडतील; उरलेली दोन पुरेशी असतात. गडद पार्श्वभूमी निवडली तर पावसाच्या रेघा उठून दिसतात. सर दाटून आली की थांबावे आणि सर ओसरल्यावर पिसे झटकणाऱ्या, पंख पसरून वाळवणाऱ्या पक्ष्याची वाट पाहावी. पावसातील उत्तम क्षण बहुधा पावसानंतरच्या पाच मिनिटांत मिळतात.

फ्लॅश वापरायचाच असेल तर तो दिवसा, घरट्यापासून दूर, लांबून, अगदी कमी शक्तीवर आणि एक-दोन वेळांपुरताच. मुख्य प्रकाश आकाशाचा असावा. फ्लॅशने केवळ सावली थोडी उजळावी. पक्षी दचकला, जागा बदलू लागला किंवा चोचीत भक्ष्य असूनही पुढे येईना, तर कॅमेरा पिशवीत ठेवून मागे फिरावे. घरट्यावर, पिल्लांवर आणि रात्री निशाचरांवर फ्लॅश मुळीच नको. घरट्याचे ठिकाण कोणालाही सांगू नये आणि चित्रासोबत जाहीर तर करूच नये. काही स्पर्धा आणि पक्षीविषयक समूह घरट्यावरची छायाचित्रे आता स्वीकारतच नाहीत, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मागणी घटली की गर्दीही घटते.

आज घरोघरी चांगले कॅमेरे आले आहेत आणि सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन पावसाळी जंगलात जाणारी कुटुंबे वाढली आहेत. हा छंद उत्तम आहे. तो डोळ्यांना थांबायला शिकवतो. मुलाच्या हाती कॅमेरा देताना छिद्र, गती आणि आयएसओ यांच्या जोडीने किती अंतरावर थांबायचे, हेही पहिल्याच दिवशी शिकवावे. मूल बरोबर असले की नियम सांगावा लागत नाही, पाळून दाखवावा लागतो.

कर्नाळ्याच्या एखाद्या ओढ्याकाठी या घटकेलाही केशरी पोटाचा एक पक्षी चोचीत सापसुरळी धरून फांदीवर बसला असेल. समोर कोणी नसेल तर पुढच्या क्षणी तो बिळात शिरेल. त्याचे चित्र कोणाजवळही नसेल, पण बिळातील पिल्लांचा त्या वेळचा घास चुकलेला नसेल.