शंभर टक्के निकाल आणि हजेरीपटावरून गळालेली नावे

छत्रपती संभाजीनगर - दहावीचा निकाल लागला, की शहरातील चौकाचौकांत फलक झळकू लागतात. ‘यशाची परंपरा कायम’, ‘शाळेचा निकाल शंभर टक्के’. त्याच वेळी जिल्हा परिषदेच्या एखाद्या प्रशालेचा निकाल ८५ टक्के लागला, तर ‘सरकारी शाळा ती, यापेक्षा वेगळे काय होणार’ असा शेरा मारून आपण मोकळे होतो. मात्र, ही टक्केवारी नेमकी कोणाची काढली जाते, हे पाहिल्याशिवाय असा निवाडा करणे न्यायाचे नाही.

वारसा निजामकाळाचा

महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत माध्यमिक शिक्षणाचा भार खासगी अनुदानित संस्थांनी उचलला. मराठवाड्याची गोष्ट थोडी निराळी आहे. निजाम राजवटीत सरकारी हायस्कुलांतील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठीतून शिकता यावे म्हणून लोकांनी स्वतःच्या संस्था उभारल्या. औरंगाबादेत १९१५ मध्ये सुरू झालेली सरस्वती भुवन ही त्यांपैकी एक. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. त्यानंतर अनेक सरकारी हायस्कुले जिल्हा परिषदांकडे आली. गावोगावच्या ‘जिल्हा परिषद प्रशाला’ हा त्याचाच वारसा होय.

वर्गात कोण बसते?

२००१ मध्ये शहराची लोकसंख्या ८ लाख ७३ हजार होती. २०११ च्या जनगणनेत ती ११ लाख ७५ हजारांवर गेली. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखानदारीमागे आलेली कुटुंबे या वाढीत आहेत. २०११ मध्ये शहरात हिंदू सुमारे ५१ टक्के, मुस्लिम ३१ टक्के आणि बौद्ध १५ टक्के होते. सार्वजनिक शाळेच्या वर्गात हे वैविध्य दिसते, पण आर्थिकदृष्ट्या ते एकाच बाजूला झुकलेले असते. ज्यांना शुल्क परवडते, ते पालक पाल्याला इंग्रजी माध्यमात घालतात. उरतात ती कंत्राटी कामगार, शेतमजूर, अल्पभूधारक आणि ऊसतोड मजुरांची मुले. घरी कोणी दखनी बोलते, कोणी गोरमाटी, तर कन्नड-सोयगावकडचा एखादा अहिराणी. पाठ्यपुस्तकातील प्रमाण भाषा यांपैकी अनेकांसाठी नवीच असते.

ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर संपत येतो. म्हणजे अभ्यासाच्या ऐन महिन्यांत आईवडील कारखान्याच्या फडावर असतात. मुलगा आजीजवळ गावी राहिला, तर हजेरी लागते. सोबत गेला, तर वर्ष बुडते.

टक्केवारीचा हिशेब

राज्य मंडळ निकाल देताना तीन आकडे सांगते : नोंदणी झालेले, परीक्षेस प्रविष्ट झालेले आणि उत्तीर्ण झालेले. टक्केवारी निघते ती प्रविष्ट झालेल्यांवर. २०२५ मध्ये राज्याचा निकाल ९४.१० टक्के, तर छत्रपती संभाजीनगर विभागाचा ९२.८२ टक्के लागला. नववीत किंवा दहावीच्या अर्ध्यावर ज्याने शाळा सोडली, तो या हिशेबात कोठेच नाही.

उदाहरणादाखल दोन शाळा घेऊ. पहिलीत नववीला ६० विद्यार्थी होते. कच्च्या मुलांना ‘दाखला घेऊन जा’ असे सुचवण्यात आले आणि दहावीला ४० जण बसले. सर्व उत्तीर्ण झाले. निकाल शंभर टक्के. दुसरीत नववीचे सर्व ६० जण दहावीला बसले आणि ५१ उत्तीर्ण झाले. निकाल ८५ टक्के. फलक पहिल्या शाळेचा लागेल, पण साठांपैकी जास्त मुलांना दुसऱ्या शाळेने पुढे नेले. शाळा सुटलेले काही जण सतरा क्रमांकाचा अर्ज भरून खासगीरीत्या परीक्षेस बसतात, परंतु त्यांची गणना नियमित विद्यार्थ्यांत होत नाही.

गळती येथेच का होते, यालाही कारण आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण ६ ते १४ वयोगटाला, म्हणजे आठवीपर्यंतच आहे. नववीच्या उंबरठ्यावर ते संपते आणि त्याच वयात मुलगा कामाला लावण्याजोगा, तर मुलगी ‘लग्नाची’ मानली जाते.

मुलींची बाजी, पण किती मुलींची?

२०२५ च्या परीक्षेत राज्यात मुलींचा निकाल ९६.१४ टक्के, तर मुलांचा ९२.३१ टक्के होता. हे यश निर्विवाद आहे. पण २०१९ ते २०२१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, २० ते २४ वयोगटातील ज्या स्त्रियांचे लग्न १८ वर्षांपूर्वी झाले, त्यांचे प्रमाण राज्यात २१.९ टक्के, बीडमध्ये ४३.७ टक्के आणि परभणीत ४८ टक्के होते. हे दोन्ही जिल्हे याच विभागीय मंडळात येतात. ‘मुलींची बाजी’ या मथळ्यात परीक्षा केंद्रापर्यंत न पोहोचलेल्या मुली नसतात.

निकषही बदलतात

राज्याचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के, २०१९ मध्ये ७७.१० टक्के आणि २०२० मध्ये ९५.३० टक्के होता. एका वर्षात मुले मठ्ठ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार, असे घडले नव्हते. २०१९ मध्ये अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे २० अंतर्गत गुण बंद झाले होते. पुढील वर्षी ते परत आले. शिवाय करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे गुण सरासरीने देण्यात आले.

पालकांनी काय विचारावे?

शाळा निवडताना मुख्याध्यापकांना तीन प्रश्न जरूर विचारावेत. दोन वर्षांपूर्वी आठवीत किती विद्यार्थी होते? त्यांपैकी दहावीला किती बसले? उरलेले कोठे गेले? उत्तरे शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आणि हजेरीपटावर असतात. सार्वजनिक शाळांनीही ती स्वतःहून शाळा व्यवस्थापन समितीसमोर मांडावीत. अनुत्तीर्णांसाठी २०१५ पासून फेरपरीक्षा घेतली जाते. तीत किती जण तरले, हेही सांगावे. असा पूर्ण हिशेब समोर आला, तर काही शंभर टक्क्यांचे फलक उतरवावे लागतील आणि ८५ टक्क्यांच्या काही प्रशालांच्या शिक्षकांची पाठ थोपटावी लागेल.