गळाच्या टोकाला काय असावे?

गळाचे साहित्य विकत घेणाऱ्या नवशिक्याच्या हाती दुकानात कृत्रिम आमिषांची जी रंगीत डबी पडते, तिच्यावर बहुधा एका हिरवट, विशालमुखी माशाचे चित्र असते. आणि हा मासा पवनेच्या धरणात सापडेल की वळवणच्या, असा प्रश्न मनात घेऊन लोणावळ्याच्या गाडीत बसलेली माणसे मला एकाहून अधिक वेळा भेटली आहेत. तो मासा म्हणजे उत्तर अमेरिकेतील सरोवरांचा बास. मावळात तो नाही, आणि नाही हेच उत्तम. कारण जपानात १९२५ साली आशी सरोवरात हौसेने आणून सोडलेला हा मासा पुढे देशभर पसरला आणि तेथील लहान मत्स्यजातींचा त्याने असा संहार मांडला, की २००५ सालापासून त्याची ने-आण व पालन कायद्याने निषिद्ध करणे त्या देशाला भाग पडले.

तथापि त्या डबीतील वस्तू मावळात व्यर्थ जात नाहीत. झाडोऱ्यात दबा धरून बसावे, जवळून जाणाऱ्या भक्ष्यावर एकाच झेपेत तुटून पडावे, हा बासचा स्वभाव आपल्या मरळीचाही आहे. आणि कृत्रिम आमिषाची निवड माशाच्या नावावरून नव्हे, स्वभावावरून करावयाची असते. फिनलंडच्या लाउरी रापाला या कोळ्याने जखमी लहान मासा पाण्यात कसा डुगडुगतो आणि मोठा मासा कळपातून नेमका तोच कसा टिपतो, हे पाहून ठेवले आणि १९३६ साली बुचातून तसाच डुगडुगणारा मासा कोरला. आज त्याचे नाव जगभरच्या दुकानांतून झळकते. मूळ भांडवल मात्र त्या निरीक्षणाचे होते.

निरीक्षणाचा आरंभ पाण्यापासून करावा. लोणावळा, वळवण व शिरवटा ही तळी टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी बांधलेली. ८ फेब्रुवारी १९११ रोजी त्या योजनेची कोनशिला बसली आणि १९१५ साली घाटाखाली खोपोलीला वीज निर्माण होऊ लागली. पवनेचे धरण त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाले. वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस झेलून हे जलाशय भाद्रपदात काठोकाठ भरतात आणि वैशाखात इतके ओसरतात, की बुडालेल्या शेतांचे बांध, झाडांचे बुंधे आणि जुन्या पायवाटा उघड्या पडतात. ज्याला मार्गशीर्षात मासा हवा, त्याने वैशाखात गळ घरी ठेवून हा उघडा तळ पायांखाली घालावा. कारण पाणी चढल्यावर मासे आश्रय घेतात ते त्या बांधांच्या व बुंध्यांच्या आडोशाला, आणि वरून पाहणाऱ्याला तेव्हा केवळ एकसारखा निळा पृष्ठभाग दिसतो. हे जलाशय कोणाच्या ना कोणाच्या अखत्यारीत आहेत, कोठे वीजकंपनीच्या, कोठे पाटबंधारे खात्याच्या, आणि मासेमारीचा मक्ता निराळाच कोणाकडे असू शकतो; यास्तव परवान्याची चौकशी केल्यावाचून दोरी पाण्यात टाकू नये.

मरळ आपले ठिकाण स्वतःच सांगते. तिच्या कल्ल्यांच्या वरच्या बाजूस हवा घेण्याची वेगळी इंद्रियव्यवस्था असल्यामुळे ती मधूनमधून पृष्ठभागावर येऊन श्वास घेते. पहाटेच्या निवांत पाण्यात पाणवनस्पतींच्या कडेला उमटलेले ते एकच वलय ज्याने ओळखले, त्याचे अर्धे काम झाले. अशा जागी पोकळ, मऊ रबरी बेडूक वापरावा. त्याचे दोन गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळे तो शेवाळात अडकत नाही आणि माशाच्या जबड्याचा दाब पडला की मगच गळ उघडे पडतात. बेडूक वनस्पतींच्या पलीकडे फेकावा, दोन-तीन लहान झटक्यांनी पुढे आणावा, मोकळ्या पाण्याच्या तोंडाशी थांबवावा. झेप बहुधा या थांबण्यातच येते. पाणी फुटल्याचा आवाज ऐकताच काठी उचलण्याचा मोह अनावर होतो. मीही कित्येक मरळी अशाच गमावल्या. मासा आमिष घेऊन खाली वळेपर्यंत, दोरीवर त्याचे वजन हातास जाणवेपर्यंत दोन क्षण धीर धरावा, आणि मगच खेचावे. दोरी विणलेली व मजबूत, काठी ताठ हवी. कारण झाडोऱ्यात शिरलेली मरळ नाजूक साहित्याने बाहेर येत नाही.

पाणी गढूळ असेल तर रंगाची चिकित्सा फारशी कामास येत नाही. तेव्हा मासा आपल्या अंगावरील पार्श्वरेषेने कंपने टिपतो, म्हणून गरगरणाऱ्या पात्याचा स्पिनर किंवा ठळक काळी आकृती त्याला अधिक लवकर उमगते. हिवाळ्यातील नितळ पाण्यात मात्र लहान, रुपेरी, खऱ्या मासोळीच्या रंगाचे आमिष बरे. पावसाळ्यात मरळीच्या तांबूस पिलांचा थवा पृष्ठभागावर खळबळताना दिसला, तर त्याखाली राखण करणारे आईबाप असतात, आणि पिलांजवळ आलेल्या कशावरही ते तुटून पडतात. त्यांना तेव्हा पकडणे सर्वांत सोपे असते, म्हणूनच तेथे गळ टाकू नये. आईबाप गेले की तो थवा इतर माशांच्या पोटात जातो. पहिल्या पावसातील वलगणीला ओढ्यात चढणारे गाभोळीचे मासे टोपल्यांनी धरण्याची चाल मला याच कारणाने अस्वस्थ करते.

महसीराची गोष्ट निराळी. मुंबई सरकारच्या चाकरीत राहिलेल्या विल्यम साइक्स याने १८३९ साली पुण्याजवळच्या नदीतील महसीराचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा देशी बोलीतील शब्द घेऊन त्याला ‘खुद्री’ हे नाव दिले. तेच आजही शास्त्रात चालते. वळवणला टाटांच्या वीजकंपनीने १९७० च्या दशकापासून या माशाचे प्रजनन चालवले आहे, आणि येथील बोटुकली अनेक राज्यांत गेली. हे कार्य मोठे आहे. पण कावेरीत गेलेला हा दख्खनी मासा तेथे इतका बळावला, की मूळच्या कुबडधारी महसीराच्या ऱ्हासाचे एक कारण म्हणून अभ्यासक त्याच्याकडे बोट दाखवतात. आपल्या घरचा मासाही परक्या पाण्यात बास होऊ शकतो.

महसीर दबा धरीत नाही, तो हिंडतो. फळे, गोगलगायी, किडे, लहान मासे असे सर्व खातो, आणि ओढा जेथे जलाशयास मिळतो त्या थंड, खळाळत्या पाण्याकडे त्याची ओढ असते. तेथे स्पून, म्हणजे चमच्याच्या आकाराची धातूची पाती, किंवा लहान स्पिनर प्रवाहाला आडवा ओढावा. त्याच्या जबड्यात दात नसतात, पण ओठ जाड व घशातील दात चुरा करणारे असतात; म्हणून स्वस्त तिहेरी गळ काढून तेथे काट्याविना, जाड, एकेरी गळ बसवावा. तो महसीर सोडण्याच्या वेळीही उपयोगी पडतो, आणि महसीर सोडावाच. ओल्या हातांनी, पाण्यातच, त्याचे तोंड प्रवाहाकडे करून धरावे. कल्ले संथपणे उघडमीट करू लागतात, शेपटीत बळ येते, आणि मग तो स्वतःच हातातून निघून जातो.