घरातील कर्करोग आणि मुलांचे मन

व्यापाऱ्यांच्या स्मरणिकेत दुखण्याचा विषय कशाला, असे कोणी विचारील. परंतु कर्करोग आता आमच्या बीदर-कलबुर्गी भागातील घरांना अनोळखी राहिलेला नाही. उपचारांची सोयही वाढली आहे. मुंबईचे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, हैदराबादचे मेहदी नवाज जंग यांच्या नावाचे १९५५ साली. आता बार्शीस नर्गिस दत्त रुग्णालय आहे आणि बेंगळूरच्या किदवई संस्थेचे केंद्र खुद्द कलबुर्गीत आहे. रोग्याची चिंता वाहणारे पुष्कळ असतात. घरातील मुलांकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही.

मुलांच्या कानावर गोष्ट जाऊ नये म्हणून आमच्या सरहद्दीवरील घरांत वडीलमंडळी मराठी सोडून कन्नडात किंवा दखनीत बोलू लागतात. पण शाळेत आणि गंजात वावरणाऱ्या मुलांस या तिन्ही भाषा समजतात! शब्द कळतो, अर्थ कळत नाही, आणि विचारण्याची चोरी. मग मूल आपल्याच मनाने हिशेब मांडते : ‘मी आईला उलटून बोललो, म्हणून ती आजारी पडली.’ कोणी सहज ‘कर्माचे भोग’ म्हटले, तर ते कर्म आपलेच, असे त्यास वाटते.

यास्तव मुलांस खरे सांगावे. वयाच्या मानाने, थोडक्यात सांगावे. रोगाचे नाव घ्यावे. नुसते ‘आजार’ म्हटले, तर पुढे साध्या तापासही मूल भिते. तीन गोष्टी निक्षून सांगाव्यात : हा रोग तुझ्यामुळे झाला नाही, जवळ बसल्याने तो लागत नाही, आणि आई परगावी असेल तोवर तुझे सर्व काही काकू, आजी किंवा जे कोणी असेल ते पाहील. औषधाने केस गळतात व बहुधा पुन्हा येतात, हे अगोदर सांगावे. म्हणजे आई परतल्यावर मूल दचकत नाही.

शाळा, खेळ, जेवण यांच्या वेळा मोडू नयेत. गुरुजींस कल्पना द्यावी. रोज ठरल्या वेळी आईशी दूरध्वनीवर बोलणे करून द्यावे. मूल चिडले, तर त्यामागील भीती ओळखावी. खेळात रमले, तर त्यास निष्ठुर म्हणू नये. मुलांचे दुःख थांबून थांबून येते.

‘आई बरी होईल ना?’ या प्रश्नास हमी देऊ नये. ‘डॉक्टर झटत आहेत; जे कळेल ते तुला सांगू,’ असे म्हणावे आणि तो शब्द पाळावा. दुर्दैवाने माणूस गेलेच, तर ‘गावाला गेली’, ‘झोपली’ असे म्हणू नये. लहान मूल खरोखरच वाट पाहत बसते, किंवा स्वतः झोपावयास भिते.

बांधवाच्या घरी असे दुखणे आले म्हणजे आपण पैशाने उभे राहतोच. त्याबरोबर त्याची मुले आपल्या मुलांसोबत शाळेस पोहोचवावीत, संध्याकाळी घरी आणावीत, आणि ती बोलू लागली तर हातातील काम बाजूस ठेवून ऐकावे, एवढीच आमची विनंती आहे.