ऊब पाण्याची, हिम काठावर
अमेरिकेतील बफेलो शहर इरी सरोवराच्या पूर्व टोकाला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच्या दक्षिणेकडील उपनगरांत सुमारे २ मीटर हिम साचले, उत्तरेकडे मात्र त्याहून बरेच कमी. असे का?

उन्हाळ्यात तापलेले सरोवर सावकाश निवते. त्यावरून कॅनडाकडची कोरडी, गोठवणारी हवा वाहू लागली, की ती पाण्याची ऊब आणि बाष्प घेऊन वर चढते, थंड होते, ढग बनतात. वारा सरोवराच्या लांबीच्या दिशेने असला, तर ढगांचा चिंचोळा पट्टा तयार होतो. म्हणून अशा अंदाजात आम्ही तापमानाआधी वाऱ्याची दिशा पाहू.

गंमत म्हणजे इरी गोठले, की हा हिमवर्षाव मंदावतो. थंडीचा धोका मात्र टळत नाही. वारा अंगालगतचा उबदार हवेचा थर उडवून नेतो. डिसेंबर २०२२ च्या हिमवादळात बफेलो परिसरात ४० हून अधिक माणसे दगावली; कुणी रस्त्यात, कुणी मोटारीत अडकून, कुणी ऊब नसलेल्या घरात.