शांतिसेना गेली, शांती आली का?

25 नोव्हेंबर 1987. श्रीलंकेच्या उत्तर भागात 8 महार बटालियनची एक तुकडी रात्री शोधमोहीम आटोपून परतत होती. वाटेत लिट्टेच्या बंडखोरांनी तिच्यावर हल्ला केला. मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्या छातीत गोळी लागली. तशाही स्थितीत त्यांनी समोरच्याची बंदूक हिसकावून त्याला ठार केले आणि अखेरच्या श्वासापर्यंत जवानांना हुकूम दिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

बंधू-भगिनींनो, महार रेजिमेंटचे नाव निघाले की आपला ऊर भरून येतो. पण दुसऱ्या देशाच्या यादवीत आपले जवान का गेले होते, हेही घराघरांत विचारले पाहिजे.

भांडण जुने होते. ज्या 1956 साली बाबासाहेबांनी नागपुरात आपल्याला धम्मदीक्षा दिली, त्याच साली बौद्धबहुल श्रीलंकेत ‘राजभाषा फक्त सिंहली’ असा कायदा झाला. तामिळ माणूस स्वतःच्याच देशात दुय्यम ठरला. जुलै 1983 मध्ये कोलंबोत तामिळांची घरे-दुकाने जाळली गेली, शेकडो माणसे मारली गेली. निर्वासितांचे लोंढे तामिळनाडूत आले. भारताने तामिळ बंडखोरांना गुपचूप शस्त्रे व प्रशिक्षण दिले.

पुढे 29 जुलै 1987 रोजी राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. बंडखोरांनी शस्त्रे खाली ठेवायची, तामिळ भागाला अधिकार द्यायचे आणि देखरेखीला भारतीय शांतिसेना. पण करारावर लिट्टेची सही नव्हती. ऑक्टोबरात फौजेची लिट्टेशीच लढाई जुंपली. जाफना रुग्णालयात भारतीय जवानांच्या गोळ्यांनी रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मेल्या. दक्षिणेत परक्या फौजेच्या रागाने सिंहली तरुणांचे बंड पेटले. नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांच्या सरकारने तर ही फौज घालवण्यासाठी लिट्टेलाच शस्त्रे पुरवली! सुमारे 1,200 जवान गमावून मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी परतली. यादवी 2009 पर्यंत चालूच राहिली.

मग शेजारी माणसे कापली जात असताना गप्प बसायचे का? हा सवाल खोटा नाही. 1971 साली बांगलादेशात भारतीय फौज गेली आणि काही महिन्यांत परतली. तिथे बहुसंख्य जनतेने आधीच मतपेटीतून कौल दिला होता, लोकांनी फौजेचे स्वागत केले. श्रीलंकेत दोन सरकारांनी सह्या केल्या. लढणाऱ्यांचे आणि भोगणाऱ्यांचे मन कोणी वळवले नाही.

मेजर परमेश्वरन धारातीर्थी पडले त्याच नोव्हेंबरात, या करारामुळेच, श्रीलंकेच्या संविधानात तेरावी दुरुस्ती झाली. तामिळही राजभाषा ठरली. फौजेच्या मागे उभ्या असलेल्या कराराचे हे श्रेय नाकारता येणार नाही. पण संविधानातली ही एक ओळ 1956 सालीच लिहिली असती, तर कुठल्याच आईचा लेक तिथे मरायला जाता ना. बंदूक फार तर बंदुकीला थांबवते. समता ज्याची त्यानेच आपल्या घरात आणावी लागते.